माती ओली, तरी मोंडो ग्रास पिवळं: मूळकुजीवर काय करायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. बावधनमधल्या आमच्या सोसायटीत बागेचं काम माझ्याकडे आहे. पार्किंगच्या स्लॅबवर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत मिळून साधारण ४०० चौरस फुटांत आम्ही मोंडो ग्रास, म्हणजे जमीन झाकणारं गवतासारखं शोभेचं झाड, लावलं आहे. दोन वर्षं ते छान भरलेलं होतं. या जुलैपासून ठिकठिकाणी पिवळे पट्टे पडायला लागले. आता ऑगस्ट संपताना ते तपकिरी झालेत आणि पात हलकेच ओढली तरी हातात येते. माळीकाकांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. मग एकदा युरिया टाकला, मग दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून फवारलं. काही फरक नाही. एक गड्डा उपटून पाहिला तर मुळांवर छोट्या शेंगदाण्याएवढ्या गाठी दिसल्या. त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, आहेत का? कंत्राटदार म्हणतो, सगळं काढून नवीन लावू. कमिटीतले काही जण म्हणतात, कटकटच नको, पेव्हर ब्लॉक टाकून टाका. मी काय करू?

– बागेची काळजी असलेली एक वाचक, बावधन

उत्तर

ताई,

आधी त्या गाठींबद्दल सांगते, कारण तुमची मोठी भीती ती दिसते आणि ती काढून टाकता येण्यासारखी आहे. मोंडो ग्रास गवताच्या कुळातलं नाही, शतावरीच्या कुळातलं आहे. शतावरीच्या मुळांना कंद येतात तसे छोटे कंद यालाही येतात. पाणी आणि अन्न साठवायची ती त्याची सोय. चीनमध्ये हेच कंद वाळवून औषधात वापरतात. सूत्रकृमीची गाठ वेगळी दिसते. तिच्यात मूळच वेडंवाकडं सुजतं, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि बऱ्याचदा एकाच मुळावर गाठींची माळ लागलेली असते. कंद गुळगुळीत आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. एक कंद बोटांत दाबून बघा. टणक असेल, आतून पांढरट असेल तर त्या गड्ड्यात जीव आहे. दाबल्यावर पिचकला आणि आतून तपकिरी पाणी आलं तर तो गड्डा गेला. पुढे कुठले गड्डे ठेवायचे आणि कुठले टाकायचे हे ठरवताना हीच खूण कामाला येणार आहे.

तुमच्या वर्णनावरून ही मूळकूज आहे असं मला वाटतं. पण पत्रावरून रोग ठरवणं योग्य नाही, म्हणून अर्ध्या तासाचं एक काम करा. पूर्ण मेलेल्या जागेच्या मधोमध खणू नका. तिथे सगळंच सडलेलं असतं आणि नंतर आलेल्या बुरश्या मूळ कारण झाकून टाकतात. जिथे हिरवं आणि पिवळं एकमेकांना भिडतात त्या कडेवर खुरप्याने मातीसकट एक गड्डा काढा आणि बादलीत हलक्या हाताने धुवा. निरोगी मुळं पांढरट आणि ताठ असतात. कुजलेली मुळं तपकिरी आणि लिबलिबीत. अशा मुळाचं टोक चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निसटते आणि आतला दोऱ्याएवढा धागा तेवढा हातात राहतो. हे दिसलं तर शंका ठेवायचं कारण नाही. मातीचा वासही घ्या. सांडपाण्यासारखा किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला तर त्या मातीत कित्येक दिवस हवा पोचलेली नाही.

दोन गोष्टी तेवढ्या वगळायला हव्यात. मुळं कुजलेली नसून कुरतडलेली दिसली आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी जाड अळी सापडली तर ती हुमणी. पहिल्या पावसानंतर कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. दुसरी गोष्ट म्हणजे गड्ड्याच्या बुंध्याशी, मातीच्या पातळीवर पांढऱ्या धाग्यांचं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी. तीही उष्ण, दमट हवेत येते, पण ती वरून, बुंध्यापासून सुरुवात करते आणि ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ती सापडली तर त्या जागेतली वरची चार-पाच बोटं माती गड्ड्यांसकट पिशवीत भरून बाहेर काढावी लागेल. अशी माती खतखड्ड्यात टाकायची नाही.

आता मुख्य प्रश्न. माती ओली असताना झाड कोमेजतं कसं? मुळांना श्वास लागतो. पाणी शोषून घेण्यासाठी त्यांना ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा मिळवायला ऑक्सिजन. चांगल्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांपैकी काहींत पाणी असतं, काहींत हवा. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते, कारण ऑक्सिजन पाण्यातून जातो तो हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश. मग मुळं गुदमरतात आणि भोवती पाणी असूनही ते ओढून घेऊ शकत नाहीत. वरून बघणाऱ्याला तहानलेलं झाड आणि गुदमरलेलं झाड अगदी एकसारखं दिसतं. माळीकाकांना जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. फक्त पाण्याचा पाईप हातात घेण्याआधी दोन बोटं मातीत खुपसून बघायची सवय त्यांना लावा.

रोग येतो तो या गुदमरण्याच्या मागोमाग. पिथियम आणि फायटोप्थोरा ही मूळकुजीतली नेहमीची दोन नावं. यांना आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ आता त्यांना खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्यांचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं आहे. यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती तुडुंब भरली की ते एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत पोहत जातात, आणि गुदमरलेल्या मुळांतून जे अन्नरस झिरपतात त्यांच्या दिशेने ओढले जातात. म्हणून तुमचे पट्टे जुलैत सुरू झाले आणि पाण्याच्या वाटेने पसरले. कार्बेन्डाझिमचा उपयोग का झाला नाही, तेही यातूनच कळतं. ते खऱ्या बुरशीवर चालतं, या पोहणाऱ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. उलट मातीत ट्रायकोडर्मासारख्या ज्या उपकारक बुरश्या असतात त्यांनाच ते मारतं. युरियाचंही तसंच. ज्याची मुळं गेली आहेत त्याला खत म्हणजे उरलेल्या मुळांवर क्षारांचा भार. या दोन्ही गोष्टी आजपासून बंद.

पुण्यात पाऊस फार पडतो असं नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षाची सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास असते. बावधन, पाषाण, सूस या पश्चिमेच्या भागात ती थोडी जास्त. अडचण पावसाच्या मापात नाही, त्याच्या चालीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा रिपरिप चालते, ऊन पडत नाही, माती सुकायला वेळच मिळत नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती, ती स्थितीच येत नाही. आणि अशा दिवसांत रोजचं पाणी चालू राहिलं तर? तुमच्याकडे ठिबक किंवा स्प्रिंकलर टायमरवर आहे का, ते पत्रात लिहिलेलं नाही. असेल तर आजच बंद करा. माळीकाकांची हजेरी पाणी घालण्यावर मोजली जात असेल तर पावसाळ्यापुरतं त्यांना दुसरं काम नेमून द्या. तण काढणं, नाल्या साफ करणं, खत तयार करणं, कामाला तोटा नाही. आणखी एक चौकशी करा: बागेला येणारं पाणी सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातलं आहे का? ते वापरण्यात गैर काही नाही, पण प्रकल्प नीट चालत नसेल तर त्या पाण्यातला गाळ मातीच्या पोकळ्या बुजवतो आणि क्षार साठत जातात. बादलीभर पाणी रात्रभर ठेवून तळाशी किती गाळ बसतो ते बघा.

तुमच्या दोन जागा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची दुखणी वेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करू.

स्लॅबवरच्या बागेत माती म्हणजे एका मोठ्या उथळ कुंडीतली माती. खाली जलरोधक थर, त्यावर निचऱ्याच्या प्लास्टिकच्या पेट्या किंवा खडी, त्यावर गाळणीचं कापड, मग माती. पाणी बाहेर जायला कडेला आउटलेट. दोन-तीन वर्षांत बारीक माती त्या कापडात आणि आउटलेटच्या जाळीत बसते, मुळंही शिरतात. वरून माती सुकलेली दिसते आणि खाली वीतभर पाणी उभं असतं. हे तपासणं सोपं आहे. चांगला पाऊस झाल्यावर खाली पार्किंगमध्ये जाऊन आउटलेटच्या पाइपातून पाणी पडतंय का बघा. वर धो धो पाऊस आणि खाली पाइप कोरडा, म्हणजे तोंड तुंबलंय. स्लॅबच्या खालच्या बाजूला ओल किंवा पांढरे ओघळ दिसत असतील तर प्रकरण बागेपुरतं राहिलेलं नाही. ते इमारतीचं काम आहे आणि कमिटीने ते तातडीने घ्यायला हवं. आउटलेटच्या भोवती दोन-तीन फूट माती बाजूला करून जाळी उघडा, कापड फाटलं किंवा बुजलं असेल तर तेवढा तुकडा बदला, आणि परत बुजवण्याऐवजी तिथे वरून उघडता येणारी एक तपासणीची पेटी बसवून घ्या. म्हणजे दर वर्षी मे महिन्यात पाच मिनिटांत हात घालून साफ करता येईल. माझ्या मते तुमच्या सगळ्या खर्चात हा खर्च पहिला असावा.

इथे एका जुन्या समजुतीबद्दल बोलायला हवं, कारण कंत्राटदार तोच उपाय सुचवण्याची शक्यता आहे. निचऱ्यासाठी मातीच्या खाली विटांचे तुकडे किंवा खडीचा जाड थर टाका, असं सर्रास सांगतात. बारीक माती जाड खडीवर ठेवली की पाणी सहजासहजी खडीत उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्या तळाशी माती पूर्ण भरेपर्यंत ते खाली सोडत नाहीत. भिजलेला स्पंज आडवा धरला तर त्याच्या खालच्या भागात पाणी तसंच राहतं, तो जाळीवर ठेवा नाहीतर ताटलीत, फरक पडत नाही. खडी टाकल्याने मातीचा थर पातळ होतो आणि ती पाणथळ पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. पाणी बाहेर न्यायला खडीचा उपयोग आहे, पण मूळ जिथे राहतं तिथे हवा हवी असेल तर बदल मातीतच करावा लागतो.

तो कसा करायचा? नर्सरीतून ट्रॉलीने येणारी लाल माती पहिल्या वर्षी भुसभुशीत वाटते आणि दोन पावसाळ्यांत दबून घट्ट होते. काळी माती पावसात फुगते आणि तिच्या पोकळ्या मिटतात. दोन्हींना सुधारायचा भरवशाचा मार्ग एकच: चांगलं कुजलेलं सेंद्रिय खत आणि सावकाश कुजणारा भरड माल. मुळशी-मावळ पट्ट्यात भाताच्या गिरण्यांतून तूस मिळतं. ते लवकर कुजत नाही, वजनाला हलकं असतं आणि माती उघडी ठेवतं. निम्मी माती, पाव भाग शेणखत किंवा सोसायटीच्याच पालापाचोळ्याचं खत आणि पाव भाग तूस, हे मिश्रण मोंडोला मानवेल. कोकोपीट टाकायचा मोह होईल, कारण ते हलकं आहे. पण ते पाणी भरपूर धरतं, आणि तुमची तक्रारच पाण्याची आहे, म्हणून ते मी इथे टाळेन. घट्ट मातीत थोडीशी बारीक वाळू मिसळण्याचाही फायदा नाही. वाळूचा परिणाम दिसायला ती मातीच्या बरोबरीने तरी घालावी लागते, थोड्या वाळूने माती जास्तच कडक होते. आणि स्लॅबवर नवी माती चढवण्याआधी थांबा. ओल्या मातीचा १० सेंटीमीटरचा थर चौरस मीटरला जवळपास १८० ते २०० किलो भरतो. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही वाढवू नका. जेवढी माती काढाल तेवढंच मिश्रण परत भरा.

कुंपणालगतच्या पट्ट्याला पाणी जायला खाली जमीन आहे, पण तिथलं सत्य खणल्यावरच कळेल. बांधकाम संपताना राडारोडा आणि मुरूम पसरून रोलर फिरवतात आणि त्यावर वीतभर लाल माती टाकून बाग तयार होते. ती दाबलेली मुरमाची थाळी पाणी अडवते. त्यात गच्चीचा पावसाळी पाइप त्याच पट्ट्यात सोडलेला असेल तर विचारायलाच नको. पाऊस थांबल्यावर तिथे एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, परत भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. दोन-अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त उतरली तर निचरा बरा आहे. जेमतेम हलली तर भिंतीला समांतर एक चर काढून तो पावसाळी गटाराला जोडावा लागेल, किंवा पहारीने ती मुरमाची थाळी जागोजागी फोडावी लागेल. पावसाळी पाइपाचं तोंड तर काहीही झालं तरी बाजूला वळवा. या पट्ट्यात मातीचं ओझं वाहायचा प्रश्न नाही, म्हणून वाफा आसपासच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटीमीटर उंच करा आणि भिंतीपासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर उतार द्या. शेतात आलं-हळद लावणारा शेतकरी कंदकूज टाळायला गादीवाफा करतो. कारण तेच आहे.

एवढं झालं की मग झाडांकडे वळायचं. हा क्रम मी मुद्दाम लावला आहे. पाणी हटवण्याआधी केलेली कुठलीही आळवणी, म्हणजे बुंध्याशी औषधाचं पाणी ओतणं, त्याच तुंबलेल्या मातीत आणखी पाणी घालते.

पावसाने उघडीप दिली आणि मातीला वाफसा आला की काम सुरू करा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडला तर फुटावा, एवढीच ओल हवी. बोटांना चिखल लागत असेल तर आणखी थांबा, कारण ओल्या मातीत पाय पडले की ती अधिक दाबते. पूर्ण तपकिरी झालेले गड्डे मुळांसकट काढून कचऱ्यात द्या. त्यांच्या कडेचे, दिसायला हिरवे असलेले गड्डेही साधारण वीतभर रुंदीत उचला, कारण रोग डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो. हे गड्डे धुवा, कंद दाबून बघा, लिबलिबीत मुळं कात्रीने पांढऱ्या भागापर्यंत छाटा. प्रत्येक गड्ड्यानंतर कात्री स्पिरिटने पुसा. मुळं कमी झाली तर पातीही एक तृतीयांश कापा, म्हणजे उरलेल्या मुळांवर ताण येणार नाही. चार-पाच फुटव्यांचे भाग करा. प्रत्येक भागाला निदान काही टणक मुळं किंवा कंद असले पाहिजेत, नाहीतर तो धरून ठेवण्यात अर्थ नाही. खुरपं, फावडं आणि माळीकाकांच्या चपला आजारी भागातून चांगल्या भागात जाताना धुतल्या गेल्या पाहिजेत. चपलेला चिकटलेल्या चिखलातून हा रोग आरामात प्रवास करतो.

औषधाबद्दल. मी पहिली पसंती ट्रायकोडर्माला देते. ही मातीतली उपकारक बुरशी रोगाच्या बुरशीला जागा आणि अन्न मिळू देत नाही, तिच्यावर वाढून तिला खातेसुद्धा. पाकीट घेताना त्यावरची मुदत बघा, कारण हा जिवंत माल आहे आणि तापलेल्या दुकानात पडून मरतो. एक किलो ट्रायकोडर्मा सुमारे १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा, हलकं ओलं करून सावलीत गोणपाटाखाली ८ ते १५ दिवस ठेवा, मधे एक-दोनदा वरखाली करा. तुमच्या ४०० फुटांना एवढं खत पुरेल. वरच्या मातीत मिसळून टाका. लावायचे गड्डे लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा घातलेल्या पाण्यात १५ मिनिटं बुडवून मग लावा. निंबोळी पेंडही थोडी घालता येईल. पण लक्षात असू द्या, ट्रायकोडर्मा तुंबलेल्या मातीत टिकत नाही. त्यालाही हवा लागते.

रासायनिक औषधाचा विचार रोग वेगाने पुढे सरकत असेल तरच करा आणि सगळीकडे न करता पट्ट्याच्या कडेपुरताच. पोहणाऱ्या बीजाणूंच्या गटावर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण चालतं, लिटरला २ ग्रॅमच्या आसपास, पाकिटावर सांगितलं असेल त्यापेक्षा जास्त नाही. कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, हा जुना आणि त्यामानाने सौम्य पर्याय. पानांवर फवारून उपयोग नाही, बुंध्याशी आळवणी करावी लागते. हातमोजे, मास्क, आणि दोन-तीन दिवस मुलांना आणि कुत्र्यांना त्या भागात जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर ट्रायकोडर्मा घालायला किमान १५ दिवस थांबा. आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: स्लॅबवर आळवणी करण्याआधी आउटलेटचं पाणी कुठे जातं ते प्लंबरकडून समजून घ्या. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत पावसाचं पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणाला जोडलेलं असतं. तुमच्याकडे तसं असेल तर स्लॅबवर रासायनिक आळवणी करूच नका. मोंडो परत लावता येईल, बोअरवेलमधलं पाणी धुऊन घेता येत नाही.

कुठली बुरशी आहे हे नक्की कळल्याशिवाय औषध आणायचं नसेल, आणि ते उत्तमच, तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे, तिथे नमुना तपासून मिळेल का याची चौकशी करा. नमुना त्या हिरव्या-पिवळ्या कडेवरचाच, मुळांना लागलेल्या मातीसकट, ओलसर कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्यायचा. उन्हात गाडीत राहिलेला नमुना सडतो आणि त्याचं निदान होत नाही.

पुन्हा लागवडीला गणपती आटोपल्यानंतरचे दिवस चांगले. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, माती अजून ऊबदार असते, पाऊस ओसरलेला असतो आणि थंडी पडायच्या आत मुळं धरतात. दोन गड्ड्यांत १० ते १२ सेंटीमीटर अंतर ठेवा. बुंधा मातीच्या पातळीवर राहायला हवा, खोल गाडला की तिथूनच सडायला लागतो. पालापाचोळा पसरायचा तर बुंध्यापासून दोन बोटं लांब. मोंडो हळू वाढतं, लवकर भरून यावं म्हणून खताचा मारा करू नका. पहिले तीन आठवडे वरची माती सुकत आली की पाणी, त्यानंतर हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरे, तेही सकाळी आणि बोट घालून बघितल्यावरच. ज्या जागी पूर्ण पट्टा गेला आहे तिथली लागवड घाईने करू नका. ती जागा रिकामी ठेवून एप्रिल-मेमध्ये माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा दाबून अंथरा. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याखालची वरची माती एवढी तापते की बऱ्याच रोगकारक बुरश्या मरतात. तोपर्यंत तिथे कुंड्या मांडा.

चर काढूनही एखादा कोपरा ओलाच राहिला तर तिथे मोंडोचा हट्ट सोडा आणि मंडूकपर्णी लावा, तिला ओल आवडते आणि ती जमिनीवर पसरते. कंत्राटदार अशा जागी हमखास वेडेलिया सुचवतो, पिवळ्या फुलांची, काही महिन्यांत सगळं झाकणारी. ती जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तुमचं कुंपण ओलांडून ती शेजारच्या ओढ्याकाठी पोचली की तिला आवरणं तुमच्या हातात राहणार नाही. नवीन गड्डे विकत घेताना, सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणा किंवा जवळून, पिशवी उलटी करून मुळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कित्येकदा मूळकूज त्या पिशवीतूनच बागेत येते. आणलेला माल दोन आठवडे बागेपासून दूर ठेवून मग लावा.

राहता राहिला पेव्हर ब्लॉकचा प्रश्न. कमिटीला शांतपणे हे सांगा: स्लॅबवर ब्लॉक टाकले तरी पाऊस त्यांच्या फटींतून खाली जाणारच आणि त्याच तुंबलेल्या आउटलेटशी थांबणार. फरक एवढाच की आज मोंडो पिवळं पडून तुम्हाला खबर देतंय, ब्लॉकखाली साठलेलं पाणी थेट पार्किंगच्या छतातून गळायला लागेल तेव्हाच कळेल. कुंपणाच्या बाजूला ब्लॉक टाकले तर जमिनीत जिरणारं थोडंफार पाणीही तुमच्या तळमजल्याकडे वळेल. म्हणजे बाग ठेवा किंवा ब्लॉक टाका, आउटलेट उघडून साफ करण्याचा आणि पावसाळी पाइप वळवण्याचा खर्च दोन्हींत सारखाच आहे. येत्या बैठकीत आधी तेवढाच ठराव मांडा, आणि बागेचं काय करायचं ते निचरा झाल्यावर ऑक्टोबरच्या बैठकीत ठरवा.